एकतिसावं मिनिट

नाना कधी कशाला चांगलं म्हणाले नाहीत. त्यांच्याकडे दोनच शब्द होते, पास आणि नापास, आणि ते त्यांनी जन्मभर सगळीकडे वापरले. कँटीनचा चहा नापास. नवा मॅनेजर नापास. गावच्या कमानीवर लावलेले नवे दिवे नापास. नानींनी केलेलं सुकटीचं कालवण तेवढं पास, पण तेही आधी वाटीच्या कडेवर नख वाजवून. नानी म्हणायच्या, "खा गुमान. कालवन हाय, कंटेनर नाय."

न्हावा शेवा बंदराच्या मागच्या बाजूला रिकाम्या कंटेनरचे मजल्यावर मजले रचून ठेवतात. तशा एका यार्डात आम्ही दोघे कामाला होतो. मी ऑफिसात एसीत, कॉम्प्युटरवर. ते बाहेर उन्हात. बोटीवरून उतरलेला रिकामा डबा (यार्डात कंटेनरला डबाच म्हणतात) पुन्हा माल भरायच्या लायकीचा आहे का, हे बघायचं त्यांचं काम. हातात दीड हाताची लोखंडी कांब. पत्र्यावर ती ठोकत डब्याभोवती फिरायचे, मान वाकडी करून, डावा कान पुढे काढून. रंग मारून लपवलेलं ठिगळ त्यांना आवाजावरून कळायचं. मग आत शिरायचे आणि दोन्ही दारं ओढून घ्यायचे. आतल्या काळोखात कुठून उजेड येतो का ते बघायचं असतं. सुईएवढं भोक असलं तरी तिथे चांदणी दिसते.

हे काम एका मिनिटाचं. नाना सात-आठ मिनिटं आत राहायचे. मे महिन्यात तो पत्रा हात लावला तर फोड येईल असा तापतो, तरी आतच. मी नवीन होतो तेव्हा एकदा विचारलं, "नाना, इतका वेळ आत करता काय तुम्ही?"

"आयकतो."

"काय ऐकता?"

"बेंजो. बाहेर तुमच्या क्रेनी आयकू देतात का?"

तेव्हा मला कळलं की हा माणूस दर डब्यात एक गाणं ऐकून बाहेर येतो. खिशात गाणी भरलेला साधा मोबाइल, त्याला इयरफोन, आणि इयरफोनचं एक टोक कात्रीने कापून टाकलेलं. उजवा कान त्यांचा यार्डाच्या आवाजाने कधीच गेला होता. "जो कान आयकत नाय, त्याच्यासाठी फुकट कशाला वाजवायचा?" हे त्यांचं म्हणणं.

मी त्यांना अहो-जाहो करायचो, ते त्यांना पटायचं नाही. आमच्याकडे आज्यालाही अरे-तुरे करतात. पण मी बी.कॉम. झालेला, आमच्या घरातला पहिला. माझा बाप मिठागरात उघड्या पायांनी मीठ ओढून गेला. मला वाटायचं, कॉलेजात शिकलेली भाषा वापरली नाही तर शिकून उपयोग काय? नाना म्हणायचे, "तुमी-तुमी नको करू. मी काय तुजा सायेब हाय?" आणि मग पुढच्याच वाक्याला, यार्डातल्या सगळ्यांसमोर, मलाच "सायेब" म्हणायचे. टोमणा होता की कौतुक, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी आणखी एक खूळ घेतलं. डबा तपासला की पावती लिहून ती माझ्या टेबलावर द्यायची, मी ती कॉम्प्युटरवरून गेटला पाठवायची, अशी पद्धत. नानांनी ती बंद केली. पावती घेऊन स्वतः गेटपर्यंत चालत जायचे. जाऊन-येऊन दीड किलोमीटर, भर उन्हात, ट्रेलरच्या धुळीतून. ऑफिसातले हसायचे. "नाना, सायबाकडं दे ना, एका बटनात जाईल." नाना म्हणायचे, "डॉक्टरनी चालायला सांगितलाय." कुठल्याही डॉक्टरने त्यांना असलं काही सांगितलेलं नव्हतं. खरं कारण दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला. ते सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

आधी बेंजोचं सांगायला हवं. आमच्या भागात हळदीला बेंजो लागतोच. नवरा-नवरी नसले तर एक वेळ चालेल, बेंजो पाहिजे. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या, डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्या हाताने तारा छेडायच्या. सोबत ढोलकी, ताशा, आता ऑक्टोपॅडही. पार्टी, म्हणजे हा सगळा ताफा, एकदा सुरू झाली की तासभर थांबत नाही. एका गाण्यातून दुसरं गाणं निघतं, दुसऱ्यातून तिसरं, आणि मधे काय काय येईल ते वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्या एका गाण्यातून दुसऱ्यात जाण्याला जोड म्हणतात. नाना फक्त जोड ऐकायचे. "गानी कोन पन वाजवील. जोड दाखव."

आणि एक असतो थांबा. ऐन रंगात बेंजोवाला एकदम गप्प होतो. दोन ठोके सगळं शांत. लोक ओरडून ती शांतता भरून काढतात आणि मग त्या ओरडण्यावरच पुढचं गाणं सुरू होतं. थांब्याला लोक वेडे होतात. नाना स्टेजसमोर कधी उभे राहायचे नाहीत. जनरेटरच्या पलीकडे, चपलांच्या ढिगाजवळ उभे असायचे. "पुढं नाच असतो. आयकायचा तर मागं यायचा."

आमच्या गावची पार्टी पंचक्रोशीत पहिली, आणि ती मास्तरांची. मास्तर म्हणजे बेंजो वाजवणारे. नानांपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. या दोघांची ओळख नानांच्या स्वतःच्या हळदीत झाली. नाना पाटावर बसलेले, अंगभर हळद, पाच सवाष्णी समोर. मंडपात मास्तर वाजवत होते, त्यांचा पहिला की दुसराच कार्यक्रम असेल. एक जोड चुकली. नवरदेव उठला. तसाच पिवळाधमक, ओल्या पंच्यात, बायांमधून वाट काढत बेंजोपर्यंत गेला आणि म्हणाला, "पडली. परत घे." मास्तरांनी परत घेतली. नवरदेव मान हलवून पाटावर येऊन बसला. नानी हे पन्नास वेळा सांगायच्या. "आमच्या हलदीला यानं मना नाय बगितली, जोड बगितली."

तेव्हापासून मास्तरांना सवयच लागली. कुठेही वाजवलं की लोक हार घालायचे, खांद्यावर घ्यायचे, आणि मास्तर त्या गर्दीतून चपलांच्या ढिगाकडे बघत विचारायचे, "नाना, काय?" नाना म्हणायचे, "पास." किंवा म्हणायचे, "दोन पडल्या. कुठं त्या सांगू का?" मास्तर म्हणायचे, "नको, मना म्हाइती हाय." बस, एवढंच बोलणं. तीस वर्षं एवढंच.

मग मोबाइल आले आणि पार्टीचे चाहते सगळीकडे झाले. उरणपासून पार कुवेत-मस्कतपर्यंत. मी पार्टीचं पेज काढलं, एक ग्रुप काढला. लिहिणं माझ्याकडे, कारण गावात शुद्ध लिहिणारा मीच. ग्रुपवर नुसती भांडणं. कुणाला ऑक्टोपॅड नको, कुणाला नुसता ऑक्टोपॅडच हवा. जुनी गाणी वाजवा, नवी वाजवा, साउंडवाल्याला खाडीत बुडवा. नानांना टाइप करता यायचं नाही. ते माझ्या टेबलापाशी येऊन माझ्या फोनवर बोलायचे आणि मी ते ग्रुपवर टाकायचो. "परवाच्या हलदीत तिसरी जोड मेली. ढोलकी लग्नाला आलती की कामाला?" की मग शंभर माणसं अंगावर. म्हातारा जळतो. म्हाताऱ्याचं ग्रुपवर टाकू नका. मला फोन यायचे, "तू शिकलेला ना, मग त्याला कशाला चान्स देतो?" मला ते लागायचं. हळूहळू मी नानांचं बोलणं अर्धंच टाकू लागलो. नंतर मऊ करून माझ्या भाषेत टाकू लागलो. "काही ठिकाणी सुधारणेस वाव आहे." नाना विचारायचे, "टाकलंस?" मी म्हणायचो, "टाकलं." त्यांना वाचून कोण दाखवणार होतं?

अशात पार्टीला बहरीनचं बोलावणं आलं. तिथे कामाला असलेल्या आपल्या लोकांनी गणपतीनंतर दोन दिवस कार्यक्रम ठेवला, शुक्रवारी आणि शनिवारी. गावातून पहिल्यांदाच कोणी वाजवायला परदेशी चाललं होतं. विमानतळावर सोडायला तीन टेम्पो भरून माणसं गेली. मास्तरांचा साधा बटणांचा फोन घरीच राहिला. तिकडचा सगळा निरोप पार्टीच्या मॅनेजरच्या फोनवर, आणि त्याचा माझ्याशी संपर्क.

शुक्रवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात आम्ही पडदा लावला. थेट प्रक्षेपण. सगळं गाव जमलं. नाना पडद्याकडे पाठ करून, खांबाला टेकून उभे. बहरीनचा हॉल खच्चून भरलेला, आपलीच माणसं. मास्तरांनी सुरुवात केली आणि इकडे मंडपात लोक नाचायला लागले. अर्धा तास मी अंगावर काटा घेऊन बघत होतो. बाप असता तर, असं सारखं मनात येत होतं.

एकतिसाव्या मिनिटाला थांबा आला. बेंजो गप्प. बहरीनचे लोक ओरडले, आमचा मंडप ओरडला. दोन ठोक्यांचा असतो तो थांबा चार ठोके झाला, पाच झाला. मग ऑक्टोपॅड घुसला, मागोमाग बेंजो. लोकांनी अक्षरशः छत डोक्यावर घेतलं.

ग्रुपवर पाऊस पडला नुसता. "काय तो थांबा, काटा आला अंगावर." "पाच ठोके! आजपर्यंत कोणी केलं नाही." "मास्तरांनी बहरीन हलवलं." "डोळ्यात पाणी आलं, दुबईला कधी येताय?" एकाने लिहिलं की आवाज फाटत होता, त्याला बाकीच्यांनी फाडून खाल्लं.

नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा कधी बदलायचा नाही. त्या दिवशी बदलला होता.

"त्यो थांबा नव्हता."

"नाना, आज तरी असू द्या."

"आयक माजं. थांब्याला मास्तर तारांवर पंजा टाकतो, मग सूर मरतो. आज सूर लोंबकलत रायला. त्याचं डावं बोट कलवरच होतं. उचललंच नाय. मागं लाव जरा."

मी व्हिडिओ मागे घेतला. नाना पहिल्यांदा पडद्याकडे वळले.

"थांब्याला त्यो कोनाकडं बगतो?"

"ढोलकीकडे. हनुवटी वर करून."

"आता बग."

मास्तर ढोलकीकडे बघत नव्हते. ते स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते. परका हात मांडीवर येऊन पडावा तसे बघत होते. पाच ठोके.

"माजा बाप असाच जेला," नाना म्हणाले. "जेवताना घास हातात रायला. मग परत बरा झाला. आमी म्हनलो, काय नाय. दुसऱ्या दिवशी सगली बाजूच जेली. मॅनेजरला सांग. आताच्या आता डॉक्टरला दाखव म्हनावं. उद्या वाजवायचा नाय."

मी रेकॉर्डिंग लावून फोन पुढे धरला. नाना बोलले, पहिल्यांदाच हळू आवाजात. "मास्तर, मी नाना. हात दाखव डॉक्टरला. उद्या नको वाजवू. नापास म्हनतील ते म्हनू दे."

मला म्हणाले, "पाठव."

मी फोन हातात घेतला. खोटं सांगत नाही, पाठवायला बोट नेलं होतं. मग वाटलं, उद्याचा कार्यक्रम रद्द झाला तर? इतक्या लांब बोलावलेल्या लोकांसमोर गावाचं नाव काय राहील? आणि सांगणार कोण, तर डबे ठोकणारे नाना, ज्यांना साधा मेसेज टाइप करता येत नाही. यांना डॉक्टरकीतलं काय कळतं? हजार माणसांना थांबा दिसला आणि यांना एकट्याला लकवा? मी पदवीधर माणूस. मी विचार केला. विचार करायला शिकलो होतो ना.

बोट सरकवून तो निरोप पुसून टाकला. आणि पेजवर लिहिलं, "बहरीनमध्ये इतिहास घडला."

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी यार्डात नाना थेट माझ्या टेबलाशी. "पाठवलंस?"

"पाठवलं."

"काय बोलला?"

"बघतो म्हणाला."

नानांनी मान हलवली आणि कांब घेऊन बाहेर गेले. त्या दिवशी ते कुठल्याच डब्यात जास्त वेळ थांबले नाहीत. एका मिनिटात बाहेर, दुसऱ्या डब्यात, एका मिनिटात बाहेर.

संध्याकाळी तिसऱ्या गाण्यात मास्तर डावीकडे कलंडले. बेंजो मांडीवरून खाली गेला, तो आवाज माइकने उचलला. सभामंडपात काही जण तेव्हाही ओरडले. त्यांना वाटलं, थांबा.

मास्तर पाच आठवड्यांनी परत आले. डावा हात गेला, डावा पाय ओढत, बोलणं जड. तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं, आदल्या दिवशी काही लक्षण दिसलं असेल तर तेव्हाच आणायला हवं होतं. पार्टीचा मॅनेजर मास्तरांच्या ओटीवर बसून हे सगळ्यांना सांगत होता. "आमाला कसं कलनार? कोनी बोललाच नाय. सगले तर भारी भारी म्हनत होते."

नाना तिथेच बसले होते. मी दारात उभा होतो. नानांनी मॅनेजरला विचारलं, "शुक्रवारी तुला कायच मेसेज आला नाय?"

"नाय ना, नाना. कोनाचा यायचा होता?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. डब्यात दार लावल्यावर भोक शोधतात तसं. मग नजर काढून घेतली. मला वाटलं, आता बोलतील. सगळ्या गावासमोर बोलतील. तो माणूस स्वतःच्या हळदीत उठला होता, त्याला कसली भीड? पण त्यांनी मॅनेजरला औषधांचं विचारलं.

थोड्या वेळाने आतून बोलावणं आलं. मास्तरांना नाना हवे होते. नानांनी मलाही खुणेने आत घेतलं. का ते अजून मला कळलेलं नाही. मास्तर खाटेवर उशीला टेकून बसलेले. डावा हात चादरीवर सरळ ठेवलेला, कोणीतरी नीट ठेवून गेल्यासारखा. बायको सांगत होती की ते रोज तो शुक्रवारचा व्हिडिओ लावायला लावतात आणि खाली लोकांनी लिहिलेलं वाचायला लावतात. काय तो थांबा. पाच ठोके. काटा आला. ते वाचून झालं की तोंड भिंतीकडे करतात.

मास्तरांनी उजवा हात जरा उचलला. "नाना. काय?"

तीस वर्षं विचारलेलाच प्रश्न. बायको डोळ्यांनी नानांना खुणावत होती, चांगलं म्हणा, चांगलं म्हणा. मीही मनात तेच म्हणत होतो.

नाना म्हणाले, "पडली. एकतिसाव्या मिनिटाला."

बायकोने तोंडाला पदर लावला. मास्तरांचा चेहरा वाकडा झाला. रडताहेत असं मला वाटलं. ते रडत होतेच, पण त्याच्याआधी त्यांनी एक लांब श्वास सोडला, कितीतरी दिवस धरून ठेवलेला. शब्द जोडत जोडत म्हणाले, "मना वाटलं... मी येडा झालो. समदे म्हनतात भारी. कोनी... आयकलंच नाय."

"मी आयकलं."

"तवाच?"

"तवाच."

मग मास्तरांनी ते विचारलं. "मग सांगितलं का नाय?"

नाना चादरीवरच्या त्या हाताकडे बघत होते. सबंध आयुष्यात त्या माणसाने कुणाच्या भिडेसाठी सडका डबा पास केला नव्हता.

"सांगितलं रे," ते म्हणाले. "तिकडं रेंज नव्हती."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "नाना, मी..." ते म्हणाले, "चप्पल घाल." आणि पुढे निघून गेले.

सोमवारी त्यांनी डबा तपासला, पावती लिहिली, आणि माझ्या टेबलावरून सरळ गेटकडे चालायला लागले. माझ्या खिडकीतून तो रस्ता दिसतो. दोन वर्षं रोज बघितलं. एका हातात कांब, दुसऱ्या हातात पावती, कानातून लोंबणारी एकच वायर. माझ्याशी भांडले नाहीत, बोलणं तोडलं नाही. डब्याबाहेर भेटलो तर "काय सायेब" म्हणायचे. पण कसलाच निरोप माझ्या हातात परत दिला नाही. तापाने पडले तेव्हा सुट्टीचा अर्जही नानी स्वतः घेऊन आल्या, माझ्या टेबलाला वळसा घालून यार्डाच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये.

त्याच तापात ते गेले. मयताला मास्तरांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. बेंजो कोणी वाजवला नाही.

मी पेजवर त्यांचा फोटो टाकला. खाली नेहमीची फुलं, नेहमीचे जोडलेले हात. मग कुवेतच्या एका चाहत्याने विचारलं, "हे कोण होते? पार्टीत काय वाजवायचे?"

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी यार्डात जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेलो. तपासायच्या रांगेतल्या पहिल्या डब्यात शिरलो, दोन्ही दारं ओढून घेतली आणि उभा राहिलो. कुठून उजेड येत नव्हता. मी लिहिलं, "हे वाजवत नव्हते, ऐकायचे. बहरीनला शुक्रवारी मास्तरांनी थांबा घेतला नव्हता, त्यांचा हात गेला होता. हे यांना तेव्हाच कळलं आणि यांनी निरोप दिला होता. तो मी पाठवला नाही. मास्तरांच्या घरी कोणी हे वाचत असेल तर त्यांना वाचून दाखवा."

पत्र्याच्या त्या डब्यात मोबाइलला सिग्नल मिळत नाही. मी दार उघडलं, उन्हात आलो, आणि गेटच्या रस्त्याने चालायला लागलो. अर्ध्या वाटेवर फोन बघितला. रेंज पूर्ण होती.

पाठवलं.